‘तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे’ : गावातल्या नव्या लॅपटॉपवर ही भीती घालतंय कोण?

दिवाळीच्या तोंडावर शेजारच्या गावातल्या सेवा केंद्रावर सकाळपासून रांग होती. कुणाला अतिवृष्टीच्या अनुदानाची केवायसी करायची होती, कुणाचा फार्मर आयडी अडकला होता, बायाबापड्या लाडकी बहीणच्या ई-केवायसीसाठी आधार कार्ड हातात धरून बसल्या होत्या. केंद्र चालवणाऱ्या पोराने आठच दिवसांपूर्वी नवा लॅपटॉप घेतला होता. जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज १० होती, ती आता बंद होणार अशी बातमी सगळीकडे फिरत होती. काम थांबायला नको म्हणून पोराने हप्त्यावर नवी मशीन आणली.

त्या गर्दीतच स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकट आली. ‘तुमचा ब्राऊझर जुना झाला आहे. आत्ता अपडेट करा, नाहीतर सेवा बंद होईल.’ समोर माणसं ताटकळलेली, साईट आधीच रडतखडत चाललेली. पोराला वाटलं, म्हणूनच साईट चालत नसेल. बटण दाबलं, एक फाईल उतरली, ती चालवली. स्क्रीन क्षणभर काळी झाली आणि परत पहिल्यासारखी. दिवसभर काम व्यवस्थित झालं. तिसऱ्या दिवशी पहाटे केंद्राच्या व्यवहारासाठी ठेवलेल्या खात्यातून तीन वेळा मिळून ४१ हजार रुपये गेले.

‘‘भाऊ, मी ओटीपी कुणालाच सांगितला नाही हो,’’ एवढंच तो परत परत म्हणत होता. खरं होतं ते. पण ओटीपी ईमेलवर यायचा आणि ईमेल त्याच ब्राऊझरमध्ये चोवीस तास उघडा असायचा. पासवर्डही ब्राऊझरनेच लक्षात ठेवलेला. चोराला विचारायची गरजच नव्हती. घराची किल्ली दाराच्या कडीलाच अडकवलेली होती.

ही एकट्या पोराची चूक म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही. गेल्या काही महिन्यांत तालुक्यात बऱ्याच जणांनी नवे कॉम्प्युटर घेतले. झेरॉक्सवाले, कृषी सेवा केंद्रं, पतसंस्था, बारावीच्या लेकरांचे आईबाप. आणि या नव्या मशीनवर पहिल्या महिन्यातच अपडेटच्या नावाने खोट्या सूचनांचा मारा सुरू होतो. नवी वस्तू आहे, तिच्यात खोट कशी असेल, या समजापायी माणूस फसतो.

सूचना येते कुठून?

आधी माझंच सांगतो, म्हणजे दुसऱ्याला नाव ठेवल्यासारखं होणार नाही. मुलीच्या अभ्यासाला आणि माझ्या बातम्यांना मिळून एक लॅपटॉप घेतला. एका साईटवर सोयाबीनचा बाजारभाव बघायला गेलो. तिथं चौकट आली, ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा.’ दाबलं. त्या दिवसापासून दर दहा मिनिटांनी कोपऱ्यात लाल चौकट. ‘पाच व्हायरस सापडले’, ‘सुरक्षा संपली’, ‘तातडीने अपडेट करा’. मी दोन दिवस दुकानदाराला शिव्या घातल्या. शेवटी मुलगीच म्हणाली, ‘‘पप्पा, हे विंडोज नाही सांगत. खाली बारीक अक्षरात कुठल्या साईटचं नाव आहे ते वाचा की.’’

हा पहिला रस्ता आणि सगळ्यात जास्त वापरातला. ‘अलाऊ’ दाबणं म्हणजे त्या साईटला आपल्या स्क्रीनवर कधीही निरोप टाकायची परवानगी देणं. साईट बंद केली तरी परवानगी तशीच राहते. ब्राऊझर चालू असला की निरोप येत राहतात. ते विंडोजच्या खऱ्या सूचना जिथं दिसतात तिथंच दिसतात, म्हणून खरे वाटतात. कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे की नाही हे त्या साईटला बाहेरून तपासताच येत नाही. ती नुसती जाहिरात असते. पण तिच्यावर बोट ठेवलं की पुढचं जाळं सुरू.

दुसरा रस्ता थेट दुकानातून येतो. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये कंपनीनेच एखादं अँटिव्हायरस काही दिवसांपुरतं घालून दिलेलं असतं. मुदत संपली की ते ओरडायला लागतं, ‘तुमचं संरक्षण संपलं, आजच नूतनीकरण करा.’ हे फसवणूक करणारं सॉफ्टवेअर नाही, पण भाषा भीतीचीच. विंडोजमध्ये स्वतःचं डिफेंडर हे संरक्षण फुकट असतं. मुदत संपलेलं अँटिव्हायरस काढून टाकलं की डिफेंडर आपोआप काम हाती घेतं, हे दुकानात कुणी सांगत नाही. वाईट याचं की अशी खरी कंपनी घाबरवते आणि खोटा माणूसही त्याच भाषेत घाबरवतो. मग ग्राहकाने फरक करायचा कसा?

तिसरा रस्ता सेवा केंद्रवाल्यांच्या ओळखीचा. नव्या मशीनला प्रिंटर जोडायचा, अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिस टाकायची, स्कॅनर चालवायचा. त्यासाठी ड्रायव्हर लागतो. सीडी नसते, म्हणून गूगलवर शोधायचं. शोधात सगळ्यात वर जे येतं ते कितीदा तरी पैसे भरून वर आणलेली जाहिरात असते. तिथं हिरवं मोठं ‘डाऊनलोड’ बटण असतं, कधी ‘तुमचे ड्रायव्हर जुने आहेत, सगळे अपडेट करा’ असं सांगणारं सॉफ्टवेअर, कधी मदतीचा म्हणून दिलेला मोबाईल नंबर. त्या नंबरवरचा माणूस गोड बोलतो आणि स्क्रीन दुरून चालवायचं ॲप टाकायला लावतो. अशा ॲपच्या गैरवापराबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं. तेव्हा मोबाईलवर हे प्रकार चालत, आता कॉम्प्युटरवरही तोच डाव आहे.

चौथा प्रकार गेल्या दोनेक वर्षांत वाढला. अपडेट चालू असल्यासारखं दिसणारं पान येतं. ते सांगतं, ‘अडचण दूर करण्यासाठी विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर.’ साधं वाटतं. पण त्या पानाने आधीच गुपचूप एक आज्ञा कॉपी करून ठेवलेली असते. आपण आपल्याच हाताने ती कॉम्प्युटरला देतो. हे आपण स्वतः केलेलं असल्यामुळे अँटिव्हायरसलाही पुष्कळदा संशय येत नाही. कुठलीही खरी कंपनी अपडेटसाठी अशी तीन बटणं दाबायला सांगत नाही. एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तरी बरंच वाचेल.

खऱ्या बातमीच्या आडून

हे सगळं आत्ताच का वाढलं? कारण बातमी खरी होती. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० चा नेहमीचा आधार बंद केला. आधार बंद म्हणजे कॉम्प्युटर बंद नव्हे. मशीन चालते, फक्त नवी सापडलेली भगदाडं बुजवणारे सुरक्षा अपडेट मिळत नाहीत. त्यातही घरगुती वापरासाठी एक वर्षाची वाढीव मुदत आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप चालू ठेवला तर त्यासाठी पैसेही लागत नाहीत. ही नोंदणी विंडोज अपडेटच्या पानावरूनच होते.

पण गावात बातमी पोचली ती ‘जुने कॉम्प्युटर बंद पडणार’ अशी. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सोय असलेली मशीन लागते. जुन्या बऱ्याच मशीनमध्ये ती नाही, म्हणून लोकांनी घाईने नवे घेतले. काहींनी दुकानात जोडलेले, काहींनी वापरलेले. ‘अपडेट नाही केलं तर काम थांबेल’ ही भीती मनात आधीच पेरलेली होती. खोट्या सूचनेला फक्त पाणी द्यायचं राहिलं होतं.

असं याआधीही झालंय. ॲडोबीचं फ्लॅश प्लेअर किती वर्षं आपण अपडेट करत होतो आठवा. त्याच्या नावावर जगभर खोटे अपडेट खपले. ते सॉफ्टवेअर ३१ डिसेंबर २०२० ला कायमचं बंद झालं. तरी आजही कुठल्यातरी साईटवर ‘फ्लॅश प्लेअर अपडेट करा’ असं दिसतं. मेलेल्या म्हशीचं दूध विकायचा हा धंदा.

आणि हा धंदा करणारे सगळे परदेशातच बसलेत असंही समजू नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र-२’ मध्ये देशभरात ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या. मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनच्या तक्रारींवरूनही गुन्हे दाखल झाले होते. त्यात आपल्याच देशातल्या कॉल सेंटरमधून परदेशी लोकांच्या स्क्रीनवर खोटे इशारे टाकून, मदतनीस असल्याचं भासवून पैसे उकळल्याचा आरोप होता. जे तंत्र तिकडच्या म्हाताऱ्या माणसांवर वापरलं गेलं, तेच आता मराठीत आपल्या दारात आलंय.

मग अपडेटच बंद करून टाकायचं का?

पोराचे पैसे गेल्यावर पारावर चर्चा झाली. निम्म्यांचं मत, ‘अपडेटच करायचं नाही, कटकटच नको.’ दुकानदारही हेच करून देतात. काही ठिकाणी चोरीची विंडोज टाकलेली असते. ती चालवायला क्रॅक टाकायचा, क्रॅक टाकायला डिफेंडर बंद करायचं, मग अपडेटही बंद करायचं. ग्राहकाला सांगायचं, ‘तुमचं नेट वाचेल.’ म्हणजे नवं घर बांधून दिलं आणि मागचं दार काढून नेलं.

हा उपाय रोगापेक्षा वाईट आहे. २०१७ चं उदाहरण बघा. विंडोजमधलं एक भगदाड बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला दिलं होतं. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर व्हायरस सुटला आणि दीडशेच्या आसपास देशांत पसरला. ज्यांनी दोन महिन्यांत अपडेट केलं नव्हतं ते सापडले, ज्यांनी केलं होतं ते त्या भगदाडापासून वाचले.

त्याच वर्षी २७ जूनला दुसरा हल्ला झाला, ‘नॉटपेट्या’. तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच शिरला. जगातल्या मोठ्या जहाज कंपनीपैकी एक असलेल्या मर्स्कचं काम ठप्प झालं आणि आपल्या न्हावाशेवाच्या बंदरात तिच्याकडे असलेल्या टर्मिनलवरही कंटेनर अडकून पडले. म्हणजे अपडेट न करणारेही बुडाले आणि अपडेटच्या वाटेनेही घात झाला. यावरून कुणी म्हणेल, मग करायचं तरी काय? पण नॉटपेट्यासारखा प्रकार विरळा. तिथं चोर कंपनीच्या कारखान्यातच घुसले होते. गावातल्या कॉम्प्युटरवर जे होतंय ते त्याहून फार सोपं आहे. इथं कारखाना शाबूत आहे, फक्त रस्त्यात कुणीतरी नकली पिशवी विकतोय.

पिशवीचं टॅग बघतो, तसंच इथं

आपण शेतकरी आहोत. बोगस बियाण्याने किती जणांचं वाटोळं झालं ते पाहिलंय. म्हणून आपण बियाणं घेणं सोडलं का? नाही. परवानाधारक दुकानातून घेतो, पक्की पावती घेतो, टॅग आणि लॉट नंबर बघतो, पिशवी खालच्या बाजूने फोडून टॅग जपून ठेवतो. शेताच्या बांधावर गाडी घेऊन आलेला माणूस ‘आजच घ्या, उद्या मिळणार नाही’ म्हणाला की आपल्याला वास येतो. अपडेटचा नियम हाच.

बांधावर आलेलं घ्यायचं नाही. दुकानात आपण जायचं. म्हणजे सूचना कितीही खरी दिसो, तिच्यावर बोट ठेवायचं नाही. ती बंद करायची आणि आपण स्वतः सेटिंग उघडून ‘विंडोज अपडेट’मध्ये जाऊन बघायचं. अपडेट खरंच असेल तर तिथं दिसतंच. नसेल तर ती सूचना खोटी. क्रोम ब्राऊझरचं अपडेट क्रोमच्याच तीन टिंबांत, ‘मदत’ मधल्या ‘क्रोमविषयी’ या पानावर होतं. त्यासाठी वेगळी फाईल उतरवून चालवावी लागत नाही. पोराने हे एक केलं असतं तर ४१ हजार वाचले असते.

ड्रायव्हर हवा असेल तर प्रिंटरच्या खोक्यावर कंपनीचा जो पत्ता छापलाय तोच ब्राऊझरमध्ये टाईप करायचा. गूगलच्या शोधात ‘प्रायोजित’ लिहिलेल्या ओळीवर जायचं नाही. बरेचसे ड्रायव्हर विंडोज अपडेटच आणून देतं, आधी तिथं बघायचं.

स्क्रीनवर फोन नंबर आला की समजायचं, खेळ खोटा. मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं म्हणणं आहे की त्यांच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. कधी पूर्ण स्क्रीन लाल होऊन सायरन वाजतो, बंद करायचं बटणच सापडत नाही. घाबरायचं नाही. एस्केप बटण दाबून धरायचं. नाही जमलं तर कंट्रोल, अल्ट, डिलीट दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राऊझर बंद करायचा. तेही नाही जमलं तर मशीन सरळ बंद. परत चालू केल्यावर ब्राऊझरने ‘आधीची पानं उघडू का’ विचारलं तर नाही म्हणायचं.

ज्यांनी माझ्यासारखं ‘अलाऊ’ दाबून ठेवलंय त्यांनी ब्राऊझरच्या सेटिंगमध्ये साईटच्या परवानग्यांत ‘नोटिफिकेशन’ उघडावं. अनोळखी साईटची नावं दिसतील. एकेक काढून टाका. माझ्याकडे अकरा निघाली. पाच मिनिटांचं काम. मी त्यासाठी दुकानदाराला तीनशे रुपये द्यायला निघालो होतो.

कायदा काय म्हणतो?

केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकांची दिशाभूल करणाऱ्या ‘डार्क पॅटर्न’ विरोधात मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यात १३ प्रकार सांगितलेत. खोटी घाई लावणं, जाहिरात दुसऱ्याच रूपात दाखवणं, सारखं टोचत राहणं हे त्यात आहे. कॉम्प्युटरमध्ये व्हायरस असल्याची खोटी भीती घालून पैसे घेणं हाही त्यातला एक वेगळा प्रकार आहे. कंपनी किंवा दुकान असं करत असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. दुसऱ्याचं सोंग घेऊन कॉम्प्युटरमार्फत फसवणूक केल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे.

पण कागदावरचा कायदा आणि पहाटे गेलेले पैसे यांच्यात वेळेचं अंतर असतं. पैसे गेल्याचं कळताच १९३० वर फोन करायचा, सायबर क्राईमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवायची आणि बँकेला लेखी कळवायचं. पोरगा आधी दुकानदाराकडे गेला, मग मित्राकडे, मग माझ्याकडे. दीड दिवस गेला. तोवर पैसे पुढे सरकले होते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा प्रकरणात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर नुकसान ग्राहकावर येत नाही. चूक ग्राहकाची ठरली तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून दोन्ही बाबतीत उशीर अंगाशी येतो.

आणि एक. ज्या मशीनवर असा प्रकार झाला तिचं इंटरनेट आधी तोडा. पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून किंवा मोबाईलवरून बदला. त्याच मशीनवर बदलले तर नवा पासवर्डही चोराच्या हातात.

पैशापेक्षा मोठा प्रश्न

त्या पोराच्या लॅपटॉपवर ‘कागदपत्रं’ नावाचा एक फोल्डर आहे. चार गावांतल्या माणसांचे आधार, पासबुकाचं पहिलं पान, सातबारा, रेशनकार्ड, बायकांचे फोटो. अर्ज भरल्यावर पुसायचं कुणी सांगितलं नाही, परत लागतील म्हणून ठेवलेले. पैसे गेले तर खात्यात दिसतं. कागद गेले तर दिसत नाही. उद्या कुणाच्या नावावर सिमकार्ड निघालं, कर्ज उचललं गेलं, तर त्या माणसाला हे सेवा केंद्रावरच्या एका बटणामुळे झालं हे कधी कळणारसुद्धा नाही. मी विचारलं तेव्हा पोरगा गप्प बसला. मग म्हणाला, ‘‘भाऊ, याचा तर मी विचारच केला नव्हता.’’

खरं तर तो विचार त्याने एकट्याने करायचाच नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य बंधनं लागू व्हायला अजून अवधी आहे. पण तोवर हातावर हात ठेवून बसायची गरज नाही. सरकार प्रत्येक योजना ऑनलाइन करतं आणि शेवटचा अर्ज कुठल्यातरी गावातल्या हप्त्यावरच्या लॅपटॉपवर भरला जातो. त्या लॅपटॉपच्या सुरक्षेसाठी तालुक्याला एक दिवसाचं प्रशिक्षण घेणं अवघड नाही. अर्ज मंजूर झाला की कागद पुसायचा, कामाच्या मशीनवर इतर साईट उघडायच्या नाहीत, पासवर्ड ब्राऊझरमध्ये ठेवायचे नाहीत, हे तीन नियम भिंतीवर लिहायला खर्च येत नाही. विकणाऱ्यानेही मशीन देताना अपडेट चालू आहे, विंडोज खरी आहे, डिफेंडर जागं आहे हे ग्राहकासमोर दाखवावं. आणि आपण पावतीवर तसं लिहून मागावं. बियाण्याच्या पिशवीची पावती मागायला आपण शिकलो, तसं हेही शिकावं लागेल.

त्या केंद्रावर परवा परत गेलो होतो. लॅपटॉप कोरा करून घेतलाय, फोल्डर पुसलाय. पैसे अजून आलेले नाहीत, तक्रारीचा नंबर काचेखाली लावून ठेवलाय. मी बसलो असतानाच कोपऱ्यात चौकट आली, अपडेट उपलब्ध. पोराने ती बंद केली, सेटिंग उघडलं, तिथं जाऊन बघितलं. अपडेट खरंच होतं. ‘‘काका, पाच मिनिटं थांबा,’’ त्याने रांगेतल्या पहिल्या माणसाला सांगितलं. कुणी कुरकुरलं नाही.